कॉन्फरन्सचं ॲबस्ट्रॅक्ट पोर्टल: फॉर्म मस्त, पुढचा कारभार रामभरोसे

पाचपैकी अडीच स्टार. त्यातले दोन ज्याने कोणी तो फॉर्म बनवला त्याला, अर्धा हेल्पलाइनवरच्या बिचाऱ्या दादाला, आणि ज्या सायंटिफिक कमिटीच्या नावाने हे सगळं चालतं तिला शून्य. कॉन्फरन्सचं नाव लिहीत नाहीये, कारण मी अनेस्थेशियाची, म्हणजे भूल देण्याच्या शाखेची जेआर थ्री (पीजीच्या तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट) आहे, परीक्षा तोंडावर आलीय आणि आमच्या फील्डमध्ये कमिटीतले सर आणि एक्स्टर्नल परीक्षक म्हणून येणारे सर ही बरेचदा एकच माणसं निघतात. नॅशनल लेव्हलची आहे एवढं पुरे. ज्यांनी भरलंय ते पहिल्या पॅराग्राफातच ओळखतील.

मेडिकलवाले नसाल तर थोडक्यात सांगते. कॉन्फरन्सला आपलं काम मांडायचं असेल तर आधी त्याचा सारांश पाठवायचा, अडीचशे-तीनशे शब्दांत, हेतू, पद्धत, निकाल, निष्कर्ष अशा ठरलेल्या खोक्यांत. रिव्ह्यूअर तो वाचतात, मार्क देतात आणि मग ठरतं की तुम्ही स्टेजवर पेपर वाचणार, कोपऱ्यात पोस्टर लावणार की घरी बसणार. पीजीवाल्यांना ही काही हौस नसते. जुन्या म्हणजे 2000 सालच्या नियमावलीत पोस्टर, पेपर आणि जर्नलला पाठवलेला एक लेख असं तिन्ही दाखवल्याशिवाय फायनलला बसता यायचं नाही, 2023 च्या नवीन नियमांत यातलं एक केलं तरी भागतं. पण आमच्या एचओडी सरांच्या डोक्यात अजून 2000 सालच चालू आहे, आणि त्यांच्यापुढे नियमावली काढून दाखवायची कोणाची टाप नाही, त्यामुळे ऑक्टोबर आला की सगळं डिपार्टमेंट ॲबस्ट्रॅक्ट लिहायला बसतं.

तर पोर्टल. अकाउंट उघडणं सोपं आहे, मोबाइलवर ओटीपी येतो, मेडिकल कौन्सिलचा नंबर टाकायचा, कॉलेजचं बोनाफाइड चढवायचं, झालं. इथपर्यंत मी खुश होते. मग ॲबस्ट्रॅक्टच्या टॅबवर क्लिक केलं तर ते उघडेना. राखाडी रंगाचं, मुकं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की आधी कॉन्फरन्सचं रजिस्ट्रेशन पूर्ण करा. म्हणजे पूर्ण फी, वर 18 टक्के जीएसटी, वर पेमेंट गेटवेचे चार्जेस, आणि ॲबस्ट्रॅक्ट रिजेक्ट झालं तर पैसे परत नाहीत. स्थळ पसंत पडायच्या आधीच हॉलचा ॲडव्हान्स देऊन टाकण्यातला प्रकार आहे हा. मला ॲबस्ट्रॅक्ट पाठवायचंय, ते चांगलं असेल तर घ्या, नसेल तर सोडा, त्यासाठी मी आधी तीन दिवसांच्या जेवणाचे आणि बँक्वेटचे पैसे का भरायचे? सरकारी कॉलेजातल्या जेआरला स्टायपेंड वेळेवर आला तर ती बातमी होते, आणि इथे कॉलेजकडून एक रुपया परत मिळत नाही.

आणि हे असंच असतं असं कोणी सांगू नका, कारण तसं नसतं. युरोपातल्या हार्टच्या डॉक्टरांची ती मोठी ईएससी काँग्रेस, तिथे ॲबस्ट्रॅक्ट पाठवायला पैसे लागत नाहीत. अमेरिकेतली कॅन्सरवाल्यांची एएससीओ फी घेते, पण ती ॲबस्ट्रॅक्टची फी, कॉन्फरन्सची नव्हे. निवड झाली की मग प्रेझेंट करणाऱ्याने रजिस्टर करायचं, हा सरळ हिशोब आहे. आपल्याकडे कमिटीचं लॉजिक असं की लोक ॲबस्ट्रॅक्ट पाठवतात आणि मग येतच नाहीत, स्लॉट रिकामे राहतात. प्रॉब्लेम खरा आहे, मी स्वतः असं सेशन पाहिलंय जिथे चेअरपर्सन नाव पुकारतायत आणि कोणी उठतच नाहीये. पण त्यावर इलाज म्हणजे निवड झाल्यावर आठवडाभराची मुदत द्या, पैसे आले नाहीत तर वेटिंगमधला घ्या. रेल्वे रोज लाखो लोकांचं वेटिंग सांभाळते, तुम्हाला पाचशे ॲबस्ट्रॅक्टचं जमत नाही?

असो. पैसे भरले. टॅब हिरवा झाला.

आता खरं सांगायचं तर फॉर्म छान आहे, आणि हे मी उगाच बॅलन्स करायला म्हणत नाहीये. प्रत्येक भागाला वेगळा बॉक्स आहे, शब्द मोजणारा काउंटर टाइप करता करता चालतो, आपोआप ड्राफ्ट सेव्ह होतो, लाइट गेली किंवा मधेच इमर्जन्सी सिझेरियनला पळावं लागलं तरी परत येऊन जिथे होतो तिथून सुरू. ऑन कॉल ड्युटीमध्ये फॉर्म भरणाऱ्याला ही केवढी मोठी गोष्ट आहे ते ज्यांनी तीस मिनिटांत सेशन एक्स्पायर होणारी सरकारी पोर्टलं वापरलीयत त्यांनाच कळेल. ऑथरची नावं माउसने ओढून वरखाली करता येतात, हेही भारी, कारण कोणाचं नाव कितव्या नंबरवर यावर आमच्याकडे शेवटच्या दिवसापर्यंत चर्चा चालते आणि ती चर्चा कधीही शास्त्रीय नसते.

काउंटरची एक गंमत आहे. तो दोन स्पेसच्या मधलं जे काही असेल त्याला एक शब्द धरतो. सरासरी, मग प्लस मायनसचं चिन्ह, मग स्टँडर्ड डेव्हिएशन असं नीट मोकळं लिहिलंत तर तीन शब्द गेले, चिकटवून लिहिलंत तर एक. लिमिट 250 ची होती आणि आमच्या निकालात आकडेच आकडे, त्यामुळे सगळ्या स्पेस खाऊन टाकल्या आणि बरीच जागा सुटली. दिसायला ओंगळ दिसतं पण सगळे हेच करतात. एएससीओसारख्या ठिकाणी शब्दांऐवजी कॅरेक्टर मोजतात, 2,600 ची मर्यादा असते, तिथे ही चलाखी चालत नाही आणि मला वाटतं तेच बरोबर आहे.

आता तो किस्सा, ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू सगळ्यांनी वाचायला हवा, निदान अनेस्थेशियावाल्यांनी तरी. माझा थीसिस स्पायनलमध्ये, म्हणजे पाठीत सुई घालून देतात त्या भुलीत, बुपिवाकेन या बधिर करणाऱ्या औषधाबरोबर डेक्समेडेटोमिडीन (आमच्या भाषेत डेक्स) हे दुसरं औषध देण्यावर आहे. (हो, माहितीये. महाराष्ट्रात दर दुसरा थीसिस डेक्सवर आहे. हसून घ्या.) डोस 5 मायक्रोग्रॅम. वर्डची फाइल डिपार्टमेंटच्या जुन्या कॉम्प्युटरवर केलेली, त्यात मायक्रोचं ते ग्रीक म्यू चिन्ह सिम्बॉल नावाच्या फॉन्टमधून घातलेलं. कॉपी केलं, बॉक्समध्ये पेस्ट केलं, सबमिटच्या आधी प्रिव्ह्यू पाहिला तर मेथड्समध्ये स्वच्छ लिहिलेलं, डेक्समेडेटोमिडीन 5 एमजी, इंट्राथीकल.

पाच मिलिग्रॅम! मणक्यात! आमच्याकडे अँप्यूल येते ती 100 मायक्रोग्रॅमची, म्हणजे एका पेशंटसाठी 50 अँप्यूल फोडायला लागतील. माझ्या गाइड मॅडमना दाखवलं तर त्या आधी खूप हसल्या आणि मग एकदम गप्प होऊन म्हणाल्या, अगं हे असंच छापून आलं असतं तर.

हे का होतं ते मग शोधून काढलं. सिम्बॉल फॉन्टमध्ये म्यूचं चित्र इंग्रजी एम या अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. पोर्टल पेस्ट करताना फॉन्ट काढून टाकतं आणि नुसतं अक्षर ठेवतं, मग खालचा एम उघडा पडतो आणि मायक्रोचं मिली होतं, एका झटक्यात हजारपट. बाकीची चिन्हं तरी प्रामाणिक निघाली, प्लस मायनसच्या जागी प्रश्नचिन्ह आलं, त्यामुळे काहीतरी बिघडलंय हे लगेच कळतं. एमजी मात्र अगदी साळसूदपणे बसून राहतो. औषधांच्या चुकांवर काम करणारी अमेरिकेतली आयएसएमपी ही संस्था म्हणूनच सांगते की म्यू वापरूच नका, सरळ एमसीजी लिहा. तेव्हा पाठवणाऱ्यांनी आधी सगळं नोटपॅडमध्ये टाकावं, तिथून पोर्टलमध्ये, आणि प्रिव्ह्यूची पीडीएफ ज्याने ॲबस्ट्रॅक्ट लिहिलेलं नाही अशा माणसाकडून वाचून घ्यावी, कारण आपल्या डोळ्यांना आपण जे लिहिलंय असं वाटतं तेच दिसतं. पोर्टलवाल्यांनी पेस्ट केल्यावर एक ओळीची वॉर्निंग टाकली तरी काम होईल. मी मेल केलाय. उत्तर नाही.

सीटीआरआयचा रकाना ही पुढची गंमत. सीटीआरआय म्हणजे आपली क्लिनिकल ट्रायलची रजिस्ट्री, 2007 च्या जुलैत सुरू झाली, आणि 1 एप्रिल 2018 पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी केली तरच घेतात, मागाहून नाही. ट्रायल असेल तर नंबर मागणं एकदम योग्य आहे, उलट शाबासकी द्यायला पाहिजे, कारण तिथे एक पैसा लागत नाही आणि तरी लोक टाळतात. पण यांनी तो रकाना सगळ्यांनाच कंपल्सरी ठेवलाय. माझ्या ज्युनिअरची केस रिपोर्ट होती, एका पेशंटची, डिफिकल्ट एअरवेची, म्हणजे श्वासाची नळी घालणं अवघड असण्याची. तिला कुठला सीटीआरआय नंबर असणार? रिकामं ठेवलं तर पुढे जात नाही, लागू नाही असं लिहिलं तर फॉरमॅट चुकला म्हणतं. शेवटी हेल्पलाइनच्या दादाने सांगितलं, ताई शून्य शून्य टाका, सगळे तेच टाकतात. म्हणजे राष्ट्रीय कॉन्फरन्सच्या डेटामध्ये ओळीने शून्यं भरलेली आहेत.

कॅटेगरीच्या यादीबद्दल फार बोलत नाही. सिझेरियनमधला स्पायनल हा ऑब्स्टेट्रिकमध्ये (बाळंतपणाची भूल) जातो की रिजनलमध्ये (शरीराचा एकच भाग बधिर करणं) हा वाद आमच्या फील्डइतकाच जुना आहे, तो पोर्टलने सोडवावा अशी अपेक्षा नाही. पण एकच निवडता येतं आणि नंतर बदलता येत नाही हे आधी सांगा ना.

ब्लाइंडिंगचं, म्हणजे काम कोणाचं आहे हे रिव्ह्यूअरला कळू न देण्याचं, मात्र बोलणार. सूचनांमध्ये ठळक अक्षरात लिहिलंय की ॲबस्ट्रॅक्टमध्ये कॉलेजचं, शहराचं नाव येता कामा नये, आलं तर थेट रिजेक्ट. बरं. आम्ही मेथड्समधून 'आमच्या टर्शरी केअर सेंटरमध्ये' एवढंच ठेवलं. मग प्रिव्ह्यूची पीडीएफ उघडली तर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, सगळ्या ऑथरची नावं, कॉलेज, शहर, पिनकोडसकट. वर एथिक्स कमिटीचं पत्र जोडायचं, तेही कॉलेजच्या लेटरहेडवर. रिव्ह्यूअरकडे हीच पीडीएफ जात असेल तर आम्ही शहराचं नाव खोडण्यात घालवलेली संध्याकाळ कशासाठी होती? कमिटीला विचारलं तर तेही उत्तर नाही.

मार्क कशावर देणार हेही कुठे लिहिलेलं नाही. आता हे काही गुपित असायचं कारण नाही. रँडमाइज्ड ट्रायलच्या, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखे पेशंटचे गट पाडून केलेल्या अभ्यासाच्या, ॲबस्ट्रॅक्टमध्ये काय काय असावं याची यादी कॉन्सॉर्टवाल्यांनी (ट्रायल कशी लिहावी याचे नियम काढणारा गट) 2008 मध्येच दिलीय, किती पेशंट रँडमाइज केले, कोणाला कुठलं औषध दिलंय हे कोणापासून लपवलं, मुख्य निकाल आकड्यात, साइड इफेक्ट, नोंदणीचा नंबर, पैसा कोणाचा. ती यादी नुसती पोर्टलवर चिकटवली असती तर माझ्यासारख्या पहिल्यांदा लिहिणाऱ्यांचे निम्मे प्रश्न मिटले असते. यांच्या फॉर्ममध्ये साइड इफेक्टला वेगळी जागाच नाही. डेक्समध्ये ब्रॅडीकार्डिया, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणं, किती जणांना झाला हे सांगायचं नाही तर मग सांगायचं काय? मी निकालातली एक पूर्ण ओळ त्याच्यावर खर्च केली आणि त्यासाठी वजन-उंचीची ओळ उडवली, मॅडमनी मान्य केलं.

सबमिट दाबलं. हिरवी टिकमार्क आली. मेल आला नाही. स्पॅममध्ये नाही, प्रमोशन्समध्ये नाही. डॅशबोर्डवर 'अंडर रिव्ह्यू' दिसत होतं म्हणून जीव भांड्यात, पण ॲबस्ट्रॅक्ट नंबर मेलमध्ये येईल असं लिहिलेलं आणि पोस्टर चढवायला तोच नंबर लागतो. म्हणून हेल्पलाइन. दादा मराठी निघाले, आवाजावरून माझ्याहून लहान असावेत, पण वागायला इतके चांगले की राग काढावा तर कोणावर असा प्रश्न पडला. म्हणाले, ताई खरं सांगू का, आमच्याकडे फक्त रजिस्ट्रेशन, हॉटेल आणि स्टेशनवरून पिकअप. ॲबस्ट्रॅक्टचं लॉगिन डॉक्टरसाहेबांकडे, आणि साहेब ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असतात. मी म्हटलं, दादा, मीपण ओटीतच असते. तर म्हणाले, मग तुम्हीच भेटा ना त्यांना. शेवटी त्यांनीच कोणाला तरी गाठून माझा ॲबस्ट्रॅक्ट नंबर व्हॉट्सॲपवर पाठवला, रात्री उशिरा, सॉरी म्हणून. अर्धा स्टार त्यांचा, आधी म्हटलंच.

मग सुरू झाला तारखांचा खेळ. शेवटची तारीख आली आणि त्याच दिवशी दुपारी बॅनर, लास्ट डेट एक्स्टेंडेड. मग परत. ज्यांनी नाइट ड्युटी करून वेळेत दिलं ते मूर्ख. परदेशात तारीख म्हणजे तारीख असते, उलट तिथे आपल्यालाच घड्याळ सांभाळावं लागतं, जानेवारीत रात्री 11.59 ईस्टर्न टाइम अशी डेडलाइन असेल तर ती आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे 10.29 होते, हे ज्यांना बाहेर पाठवायचंय त्यांनी लिहून ठेवा. आपल्याकडे तारीख पुढे गेली की रिझल्ट पुढे जातो, पण अर्ली बर्डची, म्हणजे कमी फीत रजिस्टर करायची, तारीख? ती जागची हलत नाही. त्यामुळे को-ऑथर म्हणून ज्यांना सिलेक्शन झालं तरच यायचं होतं, आमच्या मॅडमसकट, त्यांनी वाढीव फी भरली. हे मुद्दाम करतात असा आरोप मी करत नाही. पण दरवर्षी असंच कसं होतं?

रिझल्ट आला. फ्री पेपरला, म्हणजे स्टेजवर वाचायला दिलेलं, ई-पोस्टरला घेतलं. ठीक आहे, तेवढं चालतं, मी काही फार मोठा शोध लावलेला नाही. राग याचा की कारण नाही. मार्क नाहीत, एका ओळीची कमेंट नाही, अभिनंदन आणि खाली हॉटेलच्या ऑफर्स. कोणीतरी माझं ॲबस्ट्रॅक्ट वाचलंय याचा एकही पुरावा त्या मेलमध्ये नाही. पीजीला खरं तर याचीच गरज असते हो. सँपल साइज कसा काढला ते स्पष्ट नाही, एवढी ओळ कोणी लिहिली असती तरी थीसिस सुधारला असता आणि पुढे जर्नलला पाठवताना उपयोग झाला असता. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने 2018 मध्ये या विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं तर कॉन्फरन्समध्ये मांडलेल्या ॲबस्ट्रॅक्टपैकी साधारण 37 टक्केच पुढे पूर्ण लेख म्हणून छापून येतात. बाकीचं तिथेच राहतं. त्यात माझ्यासारख्यांचा आळस आहेच, पण काय सुधारायचं हे कोणी सांगतच नसेल तर लेख होणार कसा? (काही जणांना वाटतं की कॉन्फरन्सला दिलं की जर्नल घेत नाही. तसं नाही, ॲबस्ट्रॅक्ट किंवा पोस्टर म्हणून मांडलेलं काम जर्नलला चालतं, आयसीएमजेई या मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या कमिटीने स्पष्ट लिहिलंय, फक्त आधी मांडलंय हे सांगायचं.)

ई-पोस्टर चढवणं सोपं होतं, एकच स्लाइड, टेम्प्लेट त्यांचं, प्रत्यक्ष तिथे टीव्ही स्क्रीनवर लावून तीन मिनिटं बोलायचं आणि दोन मिनिटं प्रश्न. आमच्या स्क्रीनचे जज मॅडम मात्र फार छान होत्या, त्यांनी एकदम मुद्द्याचं विचारलं, की ब्लॉक, म्हणजे बधिरपणा, जास्त वेळ टिकला हे चांगलं, पण मग पेशंट चालायला किती वेळाने लागली? हा प्रश्न रिव्ह्यूच्या वेळी आला असता तर तो डेटा माझ्याकडे होता, मी पोस्टरवर घातला असता. शेजारच्या स्क्रीनवर एक जण केटामाइनवर बोलत होता आणि मागे चहाच्या काउंटरचा एवढा गोंगाट की दोघांचंही निम्मं कोणाला ऐकू गेलं नाही.

मग भरायचं की नाही? तुमची या वर्षी फायनल असेल तर भरावंच लागेल, तेव्हा भरा, पण शेवटच्या तारखेच्या भरवशावर राहू नका आणि हेल्पलाइनला दुपारी चारनंतर फोन करा, सकाळी लागत नाही. फर्स्ट इयरला असाल आणि नुसता अनुभव म्हणून करायचं असेल तर आपली स्टेट कॉन्फरन्स गाठा, फी कमी, गर्दी कमी, आणि सीनिअर लोक खरंच थांबून बोलतात. कन्सल्टंट लोकांना मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट पाहिजे असतात, महाराष्ट्रात पाच वर्षांत 30 लागतात, ते नुसतं डेलिगेट म्हणून आलं तरी मिळतात, त्यांनी या ॲबस्ट्रॅक्टच्या भानगडीत पडू नये.

सर्टिफिकेट डाउनलोड करायच्या आधी फीडबॅक फॉर्म कंपल्सरी आहे. त्यात जेवणाबद्दल विचारलंय, एसीबद्दल विचारलंय, बँक्वेटच्या ऑर्केस्ट्राला वेगळे मार्क द्यायचेत. ॲबस्ट्रॅक्टवर एकही प्रश्न नाही, आणि मोकळं लिहायचा बॉक्सही नाही. म्हणून इथे लिहिलं.